मदत हवी आहे: डीओची सीट आधीच मिळतेय, सही करावी का?

घाईतली_आई
लेकीच्या इथल्या, अमेरिकेतल्या कॉलेजचा एका ऑस्टिओपॅथिक मेडिकल स्कूलशी करार आहे (तिथली डॉक्टरकीची पदवी म्हणजे डीओ). तिला अर्ली ॲक्सेप्टन्सचं (आगाऊ प्रवेशाचं) पत्र आलंय. एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) द्यायची नाही, जीपीए (मार्कांची सरासरी) तेवढा टिकवायचा. पण सही केली की दुसऱ्या कुठल्याही मेडिकलला अर्ज करता येणार नाही. नवरा म्हणतो एमडीसाठी (इथली नेहमीची डॉक्टरकीची पदवी) थांबू, लेक म्हणते सही करून मोकळे होऊ. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. "गूगल करा" सांगू नका, तीन दिवस तेच करतेय.

सांगलीकर
ऑस्टिओ म्हणजे हाडांचंच ना? पुण्यात एक ऑस्टिओपॅथ आहेत, मेव्हण्याची कंबर दोन बैठकांत सुटली. पण त्यासाठी अमेरिकेत एवढी वर्षं कशाला घालवायची? इकडे पाठवा, बीपीटी (फिजिओथेरपी) करेल.

रात्रपाळी_एनजे
सांगलीकर, गल्लत होतेय. भारतात, युरोपात ऑस्टिओपॅथ म्हणजे हाताने उपचार करणारा. अमेरिकेतला डीओ पूर्ण डॉक्टर असतो, औषधं लिहितो, ऑपरेशनही करतो. २०२० साली ट्रम्पना कोविड झाला तेव्हा रोज पत्रकारांपुढे येणारे डॉ. शॉन कॉनली डीओच होते.
आई, मुलगी बारावीत आहे की कॉलेजात? न्यूयॉर्क टेक विद्यापीठाच्या सात वर्षांच्या डीओ कोर्सला बारावीतून घेतात. लेकॉम हे डीओ कॉलेज बारावीतूनही घेतं आणि कॉलेजातूनही. जीपीए किती?

घाईतली_आई
सेकंड इयर. ३.७. शाळेचं नाव नको, लेक चिडेल.

दिलीप_ह्यूस्टन
३.७ असताना डीओ कशाला? एमकॅटला ५१५ आणा, एमडी मिळेल. माझ्या मुलाने दोन वर्षं गॅप घेतली, लॅबमध्ये काम केलं, दुसऱ्या खेपेला मिळालं. डीओवाल्यांना चांगली रेसिडेन्सी (पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) मिळत नाही.

रात्रपाळी_एनजे
कुठल्या काळातलं सांगताय? २०२० पासून एमडी-डीओची रेसिडेन्सी एकाच मान्यतेखाली आहे, मॅचही (त्या जागांचं वाटप) एकच. अमेरिकेतल्या दर चार मेडिकल विद्यार्थ्यांत एक डीओचा असतो.

दिलीप_ह्यूस्टन
मॅच एक असली तरी न्यूरोसर्जरीला किती डीओ लागतात ते बघा.

पुतण्याचा_काका
दोघंही थोडे थोडे बरोबर. पुतण्या डीओ करतोय. कॉमलेक्स (डीओंची लायसन्स परीक्षा) द्यावीच लागते, पण स्पर्धेची शाखा हवी म्हणून तो यूएसएमएलईही (एमडीवाल्यांची परीक्षा) देतोय. म्हणजे दोन फिया आणि दोनदा रात्री जागणं. २०२२ पासून दोन्हींचा पहिला टप्पा नुसता पास-नापास झालाय, त्यामुळे सगळा भार दुसऱ्यावर. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल असं कमी चुरशीचं काही करायचं असेल तर डोळे झाकून सही करा. तिला नक्की काय व्हायचंय?

घाईतली_आई
एकोणीस वर्षांची आहे हो, महिन्याला बदलतं. या महिन्यात पीडियाट्रिक्स.

पुतण्याचा_काका
मग उत्तर मिळालं की. एमकॅटचं एक वर्ष वाचतंय, ते लहान समजू नका.

बटाटेवडा
कॅरिबियन बेटांवरच्या मेडिकल कॉलेजांचा विचार केला का? प्रवेश पटकन होतो.

रात्रपाळी_एनजे
हातातली सीट सोडून कॅरिबियन? बटाटेवडा, कृपया.

मीरा_फिली
कुणीच विचारलं नाही म्हणून विचारते. मुलीचं स्टेटस काय? सिटिझन, ग्रीन कार्ड की व्हिसा?

घाईतली_आई
एच-फोर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावरचा कुटुंबाचा व्हिसा). ग्रीन कार्डासाठीचं नवऱ्याचं आय-१४० कधीच मंजूर झालंय, ईबी-२ च्या रांगेत आहोत, प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) २०१५ ची. त्याचा इथे काय संबंध?

मीरा_फिली
सगळाच संबंध आहे. एच-फोर एकविसाव्या वाढदिवसाला संपतो. मेडिकल सुरू होईल तेव्हा ती बावीसची असेल, म्हणजे एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर). बऱ्याच डीओ शाळा फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना घेतात. आमच्या घरी हे नेमकं सगळ्यात शेवटी कळलं, म्हणून सांगतेय. घेतलंच तरी फेडरल लोन मिळणार नाही, आणि बहुतेक खासगी लोनला सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला कोसाइनर (हमीदार) लागतो. पत्रातली पात्रतेची अट शब्दन् शब्द वाचा.

दिलीप_ह्यूस्टन
फेडरल लोनचं आता सिटिझनांनाही अवघडच आहे. जुलै २०२६ पासून नव्यांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचं मोठं सरकारी लोन) बंद. वर्षाला ५० हजार डॉलरची मर्यादा, एकूण २ लाख. डीओची खासगी कॉलेजं त्यात बसतात का?

पुतण्याचा_काका
लोनचा वेगळा धागा काढा ना.

बटाटेवडा
एडिसनला चांगली बाकरवडी कुठे मिळते? खूप दिवस विचारायचं होतं.

घाईतली_आई
लेकीकडून पत्राचं तिसरं पान आत्ता वाचून घेतलं. "प्रवेशाच्या वेळी अमेरिकन नागरिक अथवा कायम रहिवासी" असं लिहिलंय. अर्ज भरताना हे कुणी विचारलंच नव्हतं. मीरा, आता काय करायचं?

मीरा_फिली
सही करू नका, नकारही कळवू नका. ॲडमिशन ऑफिसला आजच लेखी विचारा: एफ-वन चालेल का, आणि नाही चाललं तर ग्रीन कार्ड येईपर्यंत जागा राखून ठेवाल का. फोनवरचं उत्तर धरू नका. उत्तर "नाही" आलं तर तिला एमकॅटला बसवा. एफ-वनवाल्यांना घेणाऱ्या शाळा मोजक्या आहेत, त्यांची यादी तिच्या प्री-मेड सल्लागाराकडे असेल.

घाईतली_आई
मेल टाकलाय. नवऱ्याला अजून सांगितलं नाही.

सांगलीकर
पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कोथरूडला बसतात.