मदत हवी आहे : बेनिनची आर्थिक आणि भौगोलिक माहिती (अर्जंट)

चंदगडी_गर
नमस्कार मंडळी. बेनिन या देशाची पूर्ण माहिती हवी आहे. आर्थिक परिस्थिती, भूगोल, बंदर, पाऊसपाणी, चलन, सगळं. विकिपीडिया वाचून झालाय, त्यात मला हवं ते नाही. सोमवारच्या आत निर्णय घ्यायचा आहे. जाणकारांनी लवकर लिहा.

अभ्यासू_आनंदी
बेनिन म्हटलं की बेनिन ब्राँझ! पितळी पट्ट्यांवर ओतून घडवलेले राजे आणि सरदार. 1897 साली इंग्रजांनी राजवाडा लुटला आणि त्यातली बरीच कला युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत गेली. तुमच्या प्रोजेक्टला हा मुद्दा जरूर घ्या.

कोतोनू_रिटर्न
आनंदीताई, ते बेनिन सिटी. ते नायजेरियात आहे, एडो राज्यात. बेनिन देशाचं जुनं नाव दाहोमे, 1975 मध्ये बदललं. नवं नाव समोरच्या समुद्रावरून घेतलं, बेनिनचा उपसागर म्हणतात त्याला. फ्रान्सने 2021 मध्ये परत केलेल्या 26 वस्तू मात्र याच देशाच्या, आबोमेच्या राजवाड्यातल्या.
धागाकर्ते, तुम्हाला नेमका देशच हवाय ना? आणि कशासाठी? शाळेचा प्रोजेक्ट, नोकरी की धंदा?

डॉ_सल्ला
जाण्याआधी पिवळ्या तापाची लस घ्या. किमान 10 दिवस आधी. पिवळं कार्ड नसेल तर तिथे विमानतळावर अडवतात आणि परतताना आपल्याकडे क्वारंटाइनमध्ये ठेवतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, फॅमिली डॉक्टरकडे नाही.

चंदगडी_गर
मी जाणार नाहीये हो. देशच हवाय, शहर नाही. धंद्यासाठी. आता सांगा.

मुसाफिर 78
धंदा म्हणजे कसला? आफ्रिकेत धंदा म्हटलं तर मोबाइलच्या कव्हरपासून ट्रॅक्टरपर्यंत काहीही येतं.

वऱ्हाडी_वांगं
कापूस असेल तर सांगतो. बेनिन आणि माली हे दोघे आफ्रिकेत कापसात पहिल्या नंबरासाठी भांडत असतात. सगळा कोरडवाहू आणि हाताने वेचलेला. तिकडे आपल्यासारखं बीटी नाही. शेजारच्या बुर्किना फासोने बीटी लावून पाहिलं, धागा आखूड आला, गिरण्यांनी दर पाडला, शेवटी सोडून दिलं. आमच्या यवतमाळात कोणी हे ऐकून घेत नाही.

चंदगडी_गर
कापूस नाही. आयडीवरून कळत नाही का? काजू.

कोतोनू_रिटर्न
आधी सांगायचं की राव. मी 2013 ते 2019 कोतोनूत होतो, एका तांदूळ आयातदाराकडे नोकरीला. डोक्यात आहे ते लिहितो.

देश अरुंद आणि उभा आहे. दक्षिण-उत्तर सुमारे 700 किमी, समुद्रकिनारा फक्त 121 किमी. (सिंधुदुर्गाचा किनाराही तेवढाच सांगतात, वेंगुर्ल्याच्या लोकांना लगेच अंदाज येईल.) क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त. पश्चिमेला टोगो, पूर्वेला नायजेरिया, वर बुर्किना आणि नायजर. किनाऱ्याला वाळूचा पट्टा आणि मागे खाडीसरोवरं, त्यात खांबांवर उभं असलेलं गांव्हिये हे गाव. आत लाल माती, वर गवताळ माळ. वायव्येला आताकोराचे डोंगर, सगळ्यात उंच जागा 658 मीटर. कळसूबाई त्याच्या अडीचपट भरेल.

पाऊस दक्षिणेत वर्षातून दोनदा, एप्रिल ते जुलै आणि पुन्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर. उत्तरेत एकच, मे ते ऑक्टोबर. डिसेंबरपासून सहारातून हरमटान वारा येतो. सकाळी उठून टेबलावर बोट फिरवलं की पिठासारखी धूळ. ओठ फुटतात, पण काजूवाले खूश, कारण बी आयती वाळते.

राजधानी कागदावर पोर्तो-नोवो, कारभार सगळा कोतोनूत. भाषा फ्रेंच, कागदपत्रंही फ्रेंच. चलन सीएफए फ्रँक, युरोला बांधलेलं, एका युरोला 655.957, त्यामुळे रोजची चढउतार नाही. 1994 मध्ये एका रात्रीत निम्मं केलं होतं, ती आठवण म्हातारे व्यापारी अजून काढतात.

पण खरं पोट नायजेरियावर आहे, हे लक्षात ठेवा. आमचा भारतातून आलेला उकडा तांदूळ नावाला बेनिनचा. रात्री तो सीमेपलीकडे जायचा. उलट दिशेने पेट्रोल यायचं. रस्त्याकडेला लाकडी फळीवर काचेच्या बाटल्या आणि मोठे गोल बुधले, त्यात पिवळं पेट्रोल. पिवळे शर्ट घातलेले झेमिजान, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, तिथेच थांबून नरसाळ्याने भरून घेणार. ऑगस्ट 2019 मध्ये नायजेरियाने सीमा बंद केली आणि आमच्या गोदामात पोती छताला टेकली. डिसेंबरात मी पुण्यात.

मुसाफिर 78
छान माहिती. पण काजूसाठी बेनिन कशाला? सरळ आयव्हरी कोस्ट घ्या. जगात सगळ्यात जास्त कच्ची बी तिथे पिकते. माझा चुलतभाऊ आबिजानहून मागवतो.

गोडेतेल
आयव्हरी कोस्टचा आउटटर्न बेनिनपेक्षा साधारण खाली असतो. आणि गिनी-बिसाऊ दोघांच्या वर. सगळं एकाच तराजूत घालू नका.

मुसाफिर 78
माझ्या चुलतभावाला 48 मिळाला होता.

गोडेतेल
एका कंटेनरला मिळाला असेल. त्यावरून देशाची जातकुळी ठरत नाही.

खारे_वारे
आउटटर्न म्हणजे काय? आम्ही फक्त खातो.

चंदगडी_गर
80 किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघतो तो आकडा. 48 आउटटर्न म्हणजे पोत्याला 48 पौंड, पावणेबावीस किलो.
माझ्याकडे सॅम्पल आलंय. एक किलो घेऊन मोजलं, 190 बिया. सगळ्या अडकित्त्याने मधोमध कापल्या. चांगला गर आणि डागी गराचं निम्मं वजन मिळून 272 ग्रॅम. म्हणजे बरोब्बर 48. गर पांढरा, साल सुटी. मालात खोट नाही. म्हणूनच देशाबद्दल विचारतोय, बंदरातून माल वेळेत निघेल का, पाऊस आधी गाठेल का. दर चालू बाजारापेक्षा बराच कमी आहे.

बागायतदार_वेंगुर्ले
ह्याच तर आमचा दुखणा! बाहेरची बी इली की आमच्या बीचो दर पडता. आम्ही दोनशे रुपये हमीभाव मागून घसो सुकवलो आणि हे बसलेत बेनिनचो पाऊस विचारीत. वेंगुर्ला 4 ची बी घेऊन बघा, मगे बोला.

चंदगडी_गर
दादा, तुमची बी घेतोच की. पण ती मार्च ते मे. पुढे कारखान्यातल्या बायकांना काय काम देऊ? आपल्या राज्यातली बी आपल्या कारखान्यांना वर्षभर पुरत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

बागायतदार_वेंगुर्ले
पुरत नाही म्हणता आणि मे महिन्यात दर पाडून मागता. दोन्ही एकदम कसं? आणि बाहेरून येणाऱ्या बीवर सीमाशुल्क तरी किती, अडीच टक्के! 2018 पर्यंत पाच होतं, तेही निम्मं केलं.

खारे_वारे
हा विषय वेगळ्या धाग्यावर घ्या ना. मला तर मध्येच बोंडूची आठवण येऊन तोंडाला पाणी सुटलंय.

गोडेतेल
धागाकर्ते, तुम्ही एवढं सगळं सांगितलंत आणि महत्त्वाचं राहिलं. माल कच्ची बी आहे ना? टरफलासकट? आणि कोतोनूतून निघणार?

चंदगडी_गर
हो. कच्ची बी, पाराकूच्या बाजूची. कोतोनू बंदर. 25 टन, एक चाळीस फुटी कंटेनर.

गोडेतेल
मग थांबा. बेनिनने 1 एप्रिल 2024 पासून कच्च्या काजू बीची निर्यात बंद केली आहे. सोयाबीनचीही. बी तिथेच फोडायची आणि गर बाहेर पाठवायचा, असं धोरण आहे. कोतोनूपासून सुमारे 45 किमीवर ग्लो-जिगबे इथे त्यासाठी औद्योगिक क्षेत्र उभं केलंय, काजूचे, सोयाबीनचे आणि कपड्यांचे कारखाने आहेत. कंटेनर कायद्याने निघूच शकत नाही. बंदर कसं आहे, पाऊस कधी, हे प्रश्न नंतरचे.

चंदगडी_गर
हे मला कोणीच सांगितलं नाही. नक्की का? सप्लायर म्हणतो त्याच्याकडे स्पेशल परमिट आहे.

मुसाफिर 78
आफ्रिकेत सगळं मॅनेज होतं. घाबरू नका.

कोतोनू_रिटर्न
मुसाफिर, तुम्ही कधी गेलायत का तिकडे?
गोडेतेल बरोबर सांगताहेत. बंदीची घोषणा 2022 मध्येच झाली होती, म्हणजे सगळ्या व्यापाऱ्यांना दीड वर्ष आधी माहीत होतं. आपल्याला राग यायचं कारण नाही, आपणही जुलै 2023 मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात एका रात्रीत बंद केली, सप्टेंबर 2024 पर्यंत. माझे कोतोनूतले जुने सहकारी तेव्हा फोन करून मला शिव्या घालायचे, जसं काही मीच केलं.
पाराकू ते कोतोनू चारशे किमीच्या वर. इंग्रजी-फ्रेंचांच्या काळातले मीटरगेज रूळ आहेत पण गाडी चालत नाही, माल ट्रकनेच येतो. बंदी चुकवायची असेल तर तो ट्रक मधूनच पश्चिमेला वळतो आणि टोगोत शिरतो. लोमे बंदर कोतोनूपासून दीडशे किमीवर आहे आणि चलन तेच. तुमच्या सप्लायरला विचारा, लोडिंग पोर्ट कोणतं लिहिणार.

अभ्यासू_आनंदी
एक दुरुस्ती, टोगो आणि बेनिन फ्रेंचांचे होते. इंग्रजांचा संबंध नाही. मीही वाचते हं.

कोतोनू_रिटर्न
बरोबर. घाईत लिहिलं. रूळ फ्रेंचांचे. (टोगो आधी जर्मनांचा होता, पण राहू द्या.)

वऱ्हाडी_वांगं
बंदी घालून शेतकऱ्याला काय मिळालं ते कोणी सांगेल का? कारखानदार एकच उरला की दर तोच ठरवणार. आमच्याकडे कापूस एकाधिकार खरेदी होती तेव्हा चुकाऱ्याला महिनोन्महिने थांबलोय.

बागायतदार_वेंगुर्ले
पण आपल्याच गावात बी फुटली तर पोरांना काम मिळतं, हेही खरंच. बेनिनवाले शहाणे निघाले म्हणायचे.

डॉ_सल्ला
मलेरियाच्या गोळ्यांचं विसरलो मघाशी.

गोडेतेल
डॉक्टर, ते जाणार नाहीयेत.
धागाकर्ते, पेमेंट कसं ठरलंय? एलसी (कागदपत्रं बरोबर असली तरच बँक पैसे देते) की टीटी (सरळ खात्यावर पैसे पाठवणं)?

चंदगडी_गर
टीटी. 30 टक्के ॲडव्हान्स, बाकी बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, कॉपी आल्यावर.

गोडेतेल
म्हणजे स्कॅन केलेला कागद बघून पैसे पाठवायचे. कॉपी कोणीही छापतं. एलसीशिवाय हात लावू नका. लोडिंगच्या वेळी तुमच्या खर्चाने तिसऱ्या पार्टीचं इन्स्पेक्शन, त्यात कापून बघणं आणि ओलावा दोन्ही. हे मागितलं की खरा व्यापारी दर वाढवतो आणि खोटा रागावतो. सॅम्पलवर जाऊ नका. एक किलो चांगली बी कुठल्याही बाजारात मिळते, ती कुरिअर करायला कंटेनर भरावा लागत नाही.
सोमवारी काय करायचंय? ॲडव्हान्स?

चंदगडी_गर
सोमवारी उरलेला ॲडव्हान्स.

कोतोनू_रिटर्न
उरलेला?

चंदगडी_गर
5 हजार डॉलर काल दुपारी गेले. टोकन म्हणून. मेव्हण्याच्या फर्मच्या खात्यातून, आयातीचा कोड त्याचा आहे. त्याला अजून बंदीचं सांगितलेलं नाही.
मघाशी लोडिंग पोर्ट विचारलं. आधी म्हणाला कोतोनू. मी बंदीचं लिहिलं तर दहा मिनिटं गप्प. आता मेसेज आलाय, 'लोमेहून लोड करू, ओरिजिन टोगो टाकू, चालेल का?'

मुसाफिर 78
बघा, मॅनेज होतंय.

गोडेतेल
चालणार नाही. मूळ देश खोटा लिहिलेला कागद तुमच्या मेव्हण्याच्या नावावर आपल्या कस्टमला जाईल. तिकडचा माणूस नंबर बदलून मोकळा होईल, नोटीस इकडे येईल. टोगोत काजू होतो, पण बेनिनच्या मानाने थोडाच. माल खरंच टोगोचा असेल तर तसं पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?
आता मेव्हण्याला उठवा. बँकेत जाऊन टीटी रिकॉलचा अर्ज द्या, लेखी. पैसे समोरच्या खात्यात जमा झाले असतील तर त्याच्या संमतीशिवाय परत येणं अवघड, पण मधल्या बँकेत अडकले असतील तर आशा आहे. सप्लायरला अजून काही बोलू नका. सगळे मेसेज आणि प्रोफॉर्मा इन्व्हॉइस सेव्ह करा. 1930 वर सायबर तक्रारही आजच.

कोतोनू_रिटर्न
पैसे ज्या खात्यात गेले ती बँक कोणत्या देशातली आहे ते बघा. बेनिनचा काजूवाला असेल तर खातं बेनिनचंच असायला हवं.

चंदगडी_गर
बघतो. इन्व्हॉइस मेव्हण्याकडे आहे.
दुबई दिसतंय.
उद्या शनिवार आहे ना? बँक बंद असेल.

खारे_वारे
उद्या तिसरा शनिवार. दुसरा गेल्या आठवड्यात झाला. चालू आहे.

गोडेतेल
फॉरेक्सचा माणूस शनिवारी जागेवर असेलच असं नाही. आज रात्रीच मॅनेजरला मेल टाका, टीटीच्या रेफरन्स नंबरसकट, आणि उद्या शटर उघडायच्या आधी दारात उभे राहा.

चंदगडी_गर
मेव्हण्याला फोन लावतोय.