स्ट्राँगहोल्ड क्रुसेडर (किल्ला बांधायचा कॉम्प्युटर गेम): ग्रॅनरी (अन्नाचं कोठार) रिकामी, टॅक्स वाढवला की लोक पळतात

तापीकाठ: आखाजीला चौघांची ऑनलाइन मॅच आहे. रेशन डबल, टॅक्स -१२ वर (म्हणजे पॉप्युलॅरिटी महिन्याला १२ ने उतरते) ठेवतो. थोड्या वेळात ग्रॅनरी रिकामी होते, पॉप्युलॅरिटी ५० च्या खाली जाते आणि लोक किल्ला सोडतात. त्यात शेतावरचे मजूरही जातात. सफरचंदाच्या तीन बागा, गव्हाची दोन शेतं, गिरणी एक, बेकरी एक. शेतं वाढवू की टॅक्स उतरवू?

भुसावळ_जंक्शन: आधी रेशन नॉर्मलवर आणा भाऊ. डबलला +८ मिळतात, पण अन्न दुप्पट जातं. ग्रॅनरी संपली की त्याच +८ चे -८ होतात. महिन्याला १६ चा फरक, तो कुठलाच टॅक्स भरून काढत नाही.

डबलच्या +८ ची जागा एलने (बिअरने) भरा. हॉप्सचं शेत, एल बनवायला ब्रूअरी, वाटायला इन (गुत्ता). वस्तीच्या ७५ टक्क्यांना एल पोचली की +६. वर अन्नाचे तीन प्रकार असले की +२, चार असले की +३. म्हणून सगळ्याच बागा सफरचंदाच्या लावू नका, एक डेअरी टाका. नॉर्मल रेशनवर हे झाले +८, त्यावर -८ चा टॅक्स आरामात चालतो.

-८ च्या पुढे मात्र जाऊ नका. तिथपर्यंत टॅक्सची प्रत्येक पायरी पॉप्युलॅरिटीचे २ खाते, पुढची प्रत्येक ४ खाते. माणशी सोनं मात्र दोन्हीकडे सारखंच वाढतं.

साक्री_रोड: वरचं बरोबर आहे, पण तुमची बेकरी एकच आहे, तिकडेही बघा. पिठाच्या एका पोत्यातून ८ पाव निघतात. स्टॉकपाइल (मालाचा साठा) उघडा. पीठ साचलंय? बेकरी वाढवा. गहू साचलाय? गिरणी कमी पडतेय. दोन्ही नाही? मग खुशाल शेत टाका.

आणि अंतर! मॅच सुरू होताच ग्रॅनरी आपणच ठेवतो, ती शेतांच्या हिरवळीला लागून ठेवा. पुढच्या ग्रॅनऱ्या पहिलीला चिकटूनच बांधता येतात, त्यामुळे पहिली चुकली की सगळ्या चुकल्या. शेत धुळ्याला अन् कोठार भुसावळला असलं, तर मजुराचा दिवस चालण्यातच जातो.

तापीकाठ: स्टॉकपाइलमध्ये पीठ साचलेलंच दिसतंय. आणि वेढ्याच्या वेळी एकदम सोनं लागलं तर?

भुसावळ_जंक्शन: मग अजून दोन बेकऱ्या लगेच टाका. सोन्यासाठी पॉप्युलॅरिटी आधी १०० वर न्या. मग टॅक्स एकदम वर ओढा, बेरीज महिन्याला -१० च्या आसपास राहील इतकाच. चार महिन्यांत ६० ला याल, तोवर कोणी जात नाही. ६० दिसले की टॅक्स पूर्ण बंद, त्याचा +१ वेगळा मिळतो. ग्रॅनरी अर्धी असताना हा खेळ करू नका, मध्येच अन्न संपलं तर लवकरच ५० च्या खाली जाल.

साक्री_रोड: अन् एलचा साठाही बघून घ्या. इन कोरडी पडली की तो +६ सुद्धा जातो.