धाकट्या जावेला पाचवा महिना आहे आणि मशेरी सुटत नाहीये

सातारची_थोरली_सून
नमस्कार, थोडं मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज. घरात सासूबाई आणि धाकटी जाऊ दोघी मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दाताला लावतात. उठल्या उठल्या एकदा, जेवण झालं की, दुपारी भांडी आवरली की, रात्री झोपताना, दिवसातून चार-पाच वेळा तरी होतंच. आठवड्यातनं एकदा सासूबाई तव्यावर तंबाखू भाजतात, पार काळी होईस्तोवर, त्या धुराने माझ्या पोराला असा ठसका लागतो की त्याला घेऊन मी शेजारी जाऊन बसते. आता जावेला पाचवा लागलाय आणि हिमोग्लोबिन फक्त ८.४ आलंय. मी म्हटलं अगं आता तरी सोड, तर म्हणते, "ताई, लावल्याबिगर पोटच साफ होत नाय, आन् मी काय खातीय का, नुसती दातालाच लावतीय." दोन दिवस बंद केलेली तर डोकं दुखून रडायला लागली, तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच आपल्या डबीतली चिमूटभर दिली. त्यांना पण तिचे हाल बघवले नाहीत, वाईट हेतू नाही. ओरडून काही होणार नाही हे मला कळतंय, पण मग करू काय?

आशा_वर्कर_१२वर्षं
ताई, आधी एक विचारा तिला, सरकारी लोहाच्या गोळ्या खरंच खाते का? माझ्या वस्तीत हेच व्हायचं. लोहाच्या गोळीने संडासला घट्ट होतं, काळी होते, बाई घाबरते, मग पोट साफ व्हावं म्हणून मशेरी जास्त लावते आणि गोळ्या उशीखाली तशाच. मी एका घरी गादी उचलली तर दोन पाकिटं निघाली, एकही गोळी फोडलेली नव्हती. तिला दोष देऊन काय उपयोग, तिचा त्रास खराच होता. मशेरीतल्या निकोटिनने आतडी हलतात, सवय लागली की त्याशिवाय होत नाही. म्हणून आधी पोटाचं बघायचं. उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, रोज पालेभाजी, पेरू, रात्री भिजवलेले काळे मनुके, आणि गोळी जेवणानंतर लिंबू-पाण्याबरोबर, चहा मात्र त्यानंतर तासाभराने. तरी नाहीच झालं तर डॉक्टरांना सांगा, गरोदरपणात चालणारं औषध देतात. ८.४ ला नुसत्या गोळीवर थांबू नका, पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) दाखवा, गरज वाटली तर शिरेतून लोह देतात.

दातांची_डॉक्टर
"नुसती दातालाच लावते" हे मी रोज ऐकते. हिरडीवर दहा-पंधरा मिनिटं तंबाखू धरून ठेवली की निकोटिन तिथूनच रक्तात जातं, गिळायची गरजच नाही. मग रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेतून (प्लासेंटातून) बाळाला रक्त कमी पोचतं. मुंबईत बाराशेपेक्षा जास्त गरोदर बायकांवर अभ्यास झाला होता, २००४ साली छापून आला, त्यात तंबाखू-मशेरी वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. आधीच अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाळाला १०५ ग्रॅम खूप असतात हो. आणि सासूबाईंचं तोंड एकदा उजेडात बघा, गालाच्या आतून, हिरडीवर पांढरा चट्टा, न भरणारा फोड, तिखट लागलं की आग, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. दाढ दुखते म्हणून मशेरी सुरू केलेल्या बायका मी शेकड्याने बघितल्यात, दाढ काढली की निम्मं कारण संपतं. निकोटिनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं पण जावेला डॉक्टरांना न विचारता देऊ नका.

पांडुरंग_इस्लामपूर
माझी आई गेली तोंडाच्या कॅन्सरने. गालात गाठ होती, सहा महिने सांगितलंच नाही, म्हणायची पोरांच्या परीक्षा होऊ देत, आणि आम्हाला वाटायचं आई हल्ली तिखट खात नाही म्हणजे वय झालं. शेवटी भाकरी दुधात कुस्करून दिली तरी गिळता येईना. सासूबाईंना दाखवा, आजच, वाट बघू नका.

मशेरी_सोडलेली_काकू
मला आठवीत आईने दिली, दाढ दुखत होती म्हणून. एकतीस वर्षं लावली. पहिले चार दिवस वाईट असतात, डोकं ठणकतं, सगळ्यांवर चिडचिड होते, झोप नाही, त्यानंतर हळूहळू उतरतं, तीनेक आठवड्यांनी मला वासाने मळमळायला लागलं. पण एक सांगते, घरात भाजणं चालू असेल तर सुटत नाही. तो वास आला की हात आपोआप डबीकडे जातो, पोटुशीला तर भाजल्या वासाचे डोहाळेच लागतात. तेव्हा आधी सासूबाईंशी बोला, आणि सोडायचं तर दोघींनी एकदम. आणि दुपारची वेळ भरून काढा. आम्ही चार बायका एकत्र बसून मशेरी लावायचो, दिवसभरात बसायला मिळायचं ते तेवढंच, घरात कोणी हटकायचं नाही. मशेरी गेली पण बसणं चालू ठेवलं, बडीशेप-ओवा भाजून घेतो आता. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मी दोनदा केला होता, नीट बोलतात.

सातारची_थोरली_सून
सगळ्यांचे खूप आभार, पांडुरंगदादा तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. काल रात्री जावेला गोळ्यांचं विचारलं तर गप्प बसली, मग ट्रंकेतून काढून दिल्या, तीन पाकिटं, सगळी भरलेली. गोळ्यांनी पोट बिघडतं हे कुणाला सांगायचं म्हणून लाजत होती म्हणे. आज गुरुवार, भाजायचा दिवस, सासूबाईंनी तंबाखूची पुडी काढलेली पण मी बाळाच्या वजनाचं सांगितल्यावर परत फडताळात ठेवली, काही बोलल्या नाहीत. तोंड मात्र दाखवत नाहीत अजून. सोमवारी जावेला पीएचसीला नेतेय, सासूबाईंना म्हटलंय तुम्ही पण सोबतीला चला, तिथे दाढ दाखवू. हो म्हणाल्यात.