घरातली पहिली पदवी आणि विज्ञानाची वाट: मुंबईकरांचे अनुभव

लालबागच्या आमच्या चाळीत २०१० साली मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले, तेव्हा पेढे घ्यायला आलेल्या शेजारच्या काकूंनी "आता बँकेच्या परीक्षा देणार ना?" असे विचारले आणि मला उत्तर सुचले नाही. पीएच.डी. करण्याची इच्छा होती. परंतु त्यासाठी भरपूर पैसे भरावे लागत असणार अशी माझी खात्री होती, कारण शिक्षणाच्या तोवरच्या प्रत्येक पायरीवर पैसे भरावेच लागले होते. वडील १९८२ च्या संपापूर्वी गिरणीत बदली कामगार होते आणि नंतर एका सोसायटीत रखवालदार झाले. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जे.आर.एफ. ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाल्यास संशोधन करणाऱ्यालाच दरमहा १६,००० रुपये मिळतात, ही बातमी मला विभागातल्या एका सीनियर ताईने कॅन्टीनमध्ये वडापाव खाता खाता सांगितली. घरी सांगितले तेव्हा वडिलांनी दोनदा विचारले, "ते देणार? म्हणजे कर्ज नाही ना?" त्यांचा पगार त्या रकमेच्या निम्माही नव्हता.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचे उदाहरण आम्हा मुलींना वारंवार दिले जाते, आणि ते योग्यच आहे. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने स्त्री म्हणून नाकारलेला प्रवेश त्यांनी हट्टाने मिळवला, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. परंतु त्यांचे वडील आणि काका हे दोघेही त्याच बंगळूरच्या संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले होते, हे सांगायचे बहुधा राहून जाते. कोणते दार ठोठवायचे, हे त्या घरात ठाऊक होते. म्हणून ज्यांच्या घरात ते ठाऊक नव्हते, त्यांना या चर्चेच्या धाग्यावर माझा एकच प्रश्न आहे: तुम्हाला नेमके काय माहीत नव्हते आणि ते कुणाकडून कळले? गुण आणि टक्के कृपया लिहू नयेत. ते आपण आयुष्यभर लिहीतच आलो आहोत.

वरळी, बी.डी.डी. चाळ, रेडिओ खगोलशास्त्र

माझे वडील वाशीच्या भाजीबाजारात माथाडी होते आणि आमचे मूळ गाव जुन्नर तालुक्यात आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या शेताच्या बांधावरून दूरवर प्रचंड पांढऱ्या तबकड्या दिसत आणि त्या लष्कराच्या आहेत, असे मामा ठामपणे सांगत असे. मीही तेच चाळीतल्या मुलांना सांगत असे, वर थोडी भर घालून.

दहावीपर्यंत मराठी माध्यम होते. अकरावीत पहिल्या दोन महिन्यांत मला पदार्थविज्ञान सोडून द्यावे असे वाटू लागले, कारण 'ॲक्सिलरेशन', 'मोमेंटम', 'इनर्शिया' या सर्व नव्या संकल्पना आहेत आणि इतर मुलांना त्या आधीपासून येतात, असा माझा समज झाला होता. त्वरण, संवेग आणि जडत्व यांवरची गणिते मी नववी-दहावीत सहज सोडवत होतो. हे तेच आहे, हे मला कुणी सांगितले नाही आणि विचारण्याची लाज वाटली. शेवटी पोदार रुग्णालयाजवळच्या अभ्यास गल्लीत, जिथे आमच्या चाळींतली मुले घरात जागा नसल्याने रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यासाला बसतात, तिथे सी.ए. करणाऱ्या एका दादाने माझी वही पाहून विचारले, "अरे, हे त्वरणच ना?" त्या रात्री मी शाळेचे जुने पाठ्यपुस्तक आणि कॉलेजचे पुस्तक शेजारी ठेवून वहीच्या मधोमध रेघ मारली आणि एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द लिहीत गेलो. चार दिवसांत दीडशेच्या वर शब्द झाले. ती वही नंतर आमच्या गल्लीत इतकी फिरली, की आज ती कुणाकडे आहे, मला माहीत नाही.

पदवीच्या पहिल्या वर्षी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील पदवी विद्यार्थ्यांसाठीच्या शिबिराची सूचना फळ्यावर लागली होती. परळहून कुर्ला आणि तिथून हार्बर मार्गाने मानखुर्द, एवढाच तो प्रवास, पण तिथल्या ग्रंथालयात बसून मला प्रथम कळले, की पदवीच्या विद्यार्थ्यालाही कुणी शास्त्रज्ञ समोर बसवून "तुला काय वाटते?" असे विचारू शकतो. आणि तिथेच एका व्याख्यानात पडद्यावर मामाच्या शेतावरून दिसणारी तबकडी आली. खोडदची जी.एम.आर.टी. दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आकाशातून येणाऱ्या मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी ऐकणाऱ्या. मुंबईचा गोंगाट टाळण्यासाठी, म्हणजे रेडिओचा गोंगाट टाळण्यासाठी, ती आमच्या डोंगरांच्या आडोशाला उभी केली होती. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, ती सर्वांना पाहता येते हे मामाला माहीत नव्हते. आता तो गावातल्या पोरांना स्वतः घेऊन जातो. लष्कराचा विषय मात्र तो पूर्णपणे सोडायला तयार नाही.

वाकोला, गणित

माझी गोष्ट लहान आहे. बारावीनंतर सायबर कॅफेवाल्याने जे अर्ज सर्वांचे भरले तेच माझे भरले, म्हणजे अभियांत्रिकीची सी.ई.टी. नेस्ट नावाची एक परीक्षा असते, तिच्यातून भुवनेश्वरच्या संस्थेत तसेच कलिन्याच्या विद्यापीठ संकुलातील मूलभूत विज्ञान केंद्रात पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो, हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळले. त्या संकुलाच्या फाटकावरून मी शाळेत असल्यापासून रोज जात होते. नंतर जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन बाहेर शिकायला गेले, सर्व ठीक झाले. तरी त्या फाटकाजवळच्या बसथांब्यावर आजही थोडा राग येतो.

गोवंडी, सूक्ष्मजीवशास्त्र

आई चार घरी स्वयंपाकाची कामे करत असे. घरी माहीत नव्हते ते असे, की प्रयोगाला घड्याळ असते आणि ते आपल्या सोयीने चालत नाही. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्याच्या वाढीचा आलेख काढायचा तर ठरल्या वेळी नमुना काढावाच लागतो, आणि संध्याकाळी उशिरा सुरू झालेला प्रयोग मध्यरात्रीशिवाय संपत नाही. मुलगी रात्री एकला घरी येते म्हटल्यावर वस्तीत जे बोलले जायचे ते बोलले गेले. वडिलांनी एम.एस्सी. थांबवण्याची भाषा सुरू केली. मी त्यांना वाढीचा आलेख समजावण्याचा प्रयत्न केला. त्यांना तो सबबीसारखा वाटला, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटला असता.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी यावर काहीही भाषण न करता आईला एका शनिवारी प्रयोगशाळेत बोलावले. आई कामावरून तशीच आली, चपला दाराबाहेर काढून. बाईंनी तिला चपला घालायला लावल्या, कारण तिथे अनवाणी फिरणे धोक्याचे असते, आणि मग सर्व दाखवले. ऑटोक्लेव्हपाशी आई थांबली. वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसला पंधरा-वीस मिनिटे ठेवले की काचसामानातले सर्व जंतू मरतात, हे ऐकून ती म्हणाली, "हा कुकरच आहे. पण शिट्टी झाल्याबरोबर उघडत नाही ना कुणी?" बाईंनी सांगितले, की दरवर्षी एखादा विद्यार्थी घाईने ते करायला जातोच. त्यानंतर घरी रात्रीचा विषय निघाला की उत्तर आई देत असे: "मध्येच उघडता येत नाही त्यांना."

डोंबिवली, औषधनिर्मिती उद्योग, गुणवत्ता नियंत्रण

वरील सर्व अनुभव आदराने वाचले, आणि तरीही थोडे वेगळे सांगायचे आहे. मलाही जे.आर.एफ. मिळाली होती. आपण लिहिलेले १६,००० रुपये, आणि २०२३ पासूनचे ३७,०००, हे कागदावर खरे आहेत. परंतु ते दर महिन्याच्या एक तारखेला येतील असे समजून कुणी घरभाड्याचे गणित मांडू नये. आमच्या कार्यालयातील कागदपत्रांच्या फेऱ्यांमध्ये माझे पैसे सात महिने अडकले. ज्याच्या घरी मागे पगार आहे तो सात महिने थांबू शकतो. माझ्या घरी बहिणीची फी आणि सोसायटीचे हप्ते माझ्या नावावर होते. मी दीड वर्षाने संशोधन सोडले आणि तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू झालो.

आज बारा वर्षे एच.पी.एल.सी. या, औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर काम करतो. एखाद्या बॅचचा निकाल मर्यादेबाहेर आला, तर चूक यंत्राची, नमुन्याची, विश्लेषकाची की खरोखर औषधाची, हे शोधून काढेपर्यंत ती बॅच हलत नाही, आणि वरून कितीही फोन आले तरी त्या कागदावरची सही माझी असते. हे विज्ञानच आहे. तथापि विद्यापीठातल्या आमच्या जुन्या विभागाच्या स्नेहमेळाव्यात मला अजून "का सोडलेस ते?" असेच विचारले जाते. धाग्याच्या ताईंना विनंती, की नव्या मुलांना शिष्यवृत्तीची बातमी द्या, पण तिच्याबरोबर सहा महिन्यांच्या खर्चाची सोय आधी कशी करायची, हेही सांगा.

(धागाकर्तीकडून: मान्य आहे. माझे पैसे पाच महिने अडकले होते आणि तेवढे दिवस आईने भिशीचे पैसे उचलून घर चालवले. पहिल्या परिच्छेदात मी ते लिहिले नाही, कारण आपल्या गोष्टीतला तो भाग मी स्वतःलाही क्वचितच सांगते.)

घाटकोपर; प्रयोगशाळा परिचर, निवृत्त

मी पदवीधर नाही, त्यामुळे लिहावे की नाही, असा प्रश्न पडला होता. मुलगी म्हणाली, लिहा. एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे द्रावणे भरून ठेवली, काचसामान धुतले आणि मुलांनी फोडलेल्या पिपेटांची नोंद केली. ज्यांच्या घरी कुणी शिकलेले नाही, अशी मुले मला पहिल्या आठवड्यातच ओळखू येत. ती चुकली तरी सरांना विचारत नसत, मला विचारत. ब्युरेट, म्हणजे द्रावण मोजून थेंब थेंब सोडायची खुणांची काचनळी, नुसत्या पाण्याने विसळून भागत नाही, जे द्रावण भरायचे त्यानेच शेवटी विसळावे लागते, नाहीतर आतल्या पाण्याने द्रावण पातळ होते आणि मापन चुकते, हे मी किती जणांना हळूच सांगितले असेल याची मोजदाद नाही.

माझ्या मुलीला काय माहीत नव्हते, ते मी सांगू शकणार नाही, कारण जे मला माहीत नव्हते ते तिने मला विचारलेच नाही. अर्ज, परीक्षा, मुलाखती सर्व तिने तिच्या मैत्रिणींबरोबर केले. माझ्याकडून तिने हाताचे कसब घेतले. गेल्या वर्षी तिला माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला आणि पहिल्याच आठवड्यात तिने आपल्या टेबलाचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला. ब्युरेट भरून झाली होती, पण वरचे नरसाळे तसेच ठेवलेले होते. त्यातून एखादा थेंब नंतर खाली उतरतो आणि मापन बिघडते. मी लगेच फोन केला, ती म्हणाली, "बाबा, फोटोपुरते होते." मी म्हटले, फोटोपुरतेसुद्धा ठेवायचे नाही.