‘माहोजिन’ला रिंगण म्हणावे की मंडल?

अनुस्वार: हिरोयुकी एतो यांच्या ‘माहोजिन गुरुगुरु’ या विनोदी अद्भुत चित्रमालिकेचे पहिले प्रकरण मी जपानीच्या अभ्यासासाठी मराठीत उतरवीत आहे. तीत कुकुरी नावाची मुलगी काठीने जमिनीवर वर्तुळ काढते, त्यात आकृती भरते आणि त्यातून जादू उद्भवते. हे वर्तुळ म्हणजे ‘माहोजिन’. मी त्यास ‘जादूचे रिंगण’ म्हटले होते, ते आमच्या शिक्षकांनी खोडून ‘मंडल’ केले. रिंगण खरोखरच चूक आहे काय?

ओसरी: रिंगण म्हटले की वारीतला अश्व धावू लागतो, आणि आमच्या पिढीला ‘मंडल’ म्हटले की आयोग आठवतो. मंत्रासाठी रेखलेल्या आकृतीस आपल्याकडे ‘यंत्र’ हा रूढ शब्द असताना नवा शोधावा कशाला?

रानवाट: ‘यंत्र’ वाचून आजच्या मुलाला पिठाची गिरणी दिसेल. ‘जिन’ या चित्राक्षराचा अर्थ सैन्याची मांडणी असा आहे, म्हणून ‘मायाव्यूह’ करावे. गंमत म्हणजे गणितातल्या जादूच्या चौरसाचा, म्हणजे सर्व बाजूंनी सारखी बेरीज येणाऱ्या आकड्यांच्या चौकटीचा, उच्चारही ‘माहोजिन’च होतो, फक्त मधले चित्राक्षर निराळे, मी एकदा नुसत्या उच्चारावरून कोश उघडला आणि बेरजांच्या चौकटीत अडकलो.

ओसरी: धड न शिकलेल्या पोरीच्या रेघोट्यांना व्यूह म्हणणे म्हणजे परकराला शालू म्हणणे होय.

रानवाट: ही मालिकाच भूमिकाप्रधान व्हिडिओ खेळांची थट्टा आहे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा तसलाच खेळ काढणाऱ्या एनिक्स कंपनीच्याच मासिकात ती १९९२ ते २००३ चालली, १९९४ मध्ये तिचे सचेतपट दूरचित्रवाणीवर आले आणि पुढच्याच वर्षी सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या खेळयंत्रावर तिचाही खेळ निघाला. थट्टेला भारदस्त शब्दच शोभतो.

शंकेखोर: ‘सचेतपट’ या शब्दाने मला भोवळ आली, ‘अॅनिमे’ म्हणण्यात कोणता धर्म बुडतो? खरा पेच ‘गुरुगुरु’चा आहे. तसेच ठेवल्यास वाचकाला दोन गुरू दिसतील, नाहीतर कुत्र्याची गुरगुर ऐकू येईल. जपानीत तो वर्तुळाकार फिरण्याचा अनुकरणवाचक शब्द असल्याने आपले ‘गरगर’ नेमके बसते.

ओसरी: संस्कृतातही ‘गर्गर’ म्हणजे पाण्यातला भोवरा, तेव्हा या शब्दाचा प्रवास पूर्वेकडे झाला असावा.

शंकेखोर: नादाला प्रवासाची गरज नसते. माझी आजी चक्कर आली की ‘गरगरतंय’ म्हणे, आणि तिने ना संस्कृत वाचले होते ना जपानी.

रानवाट: आमच्या घरी चक्कर आली की डोके ‘भणभणते’; गरगरते ती भिंगरी.

अनुस्वार: सर्वांचे आभार, परंतु उद्या वही परत द्यायची आहे आणि रिंगणाच्या जागी अजून खाडाखोडच आहे.

ओसरी: तूर्त पेन्सिलीने ‘यंत्र’ लिहावे. मात्र जात्याची ‘घरघर’ आणि हे ‘गरगर’ एकच की काय, हे कोणी सांगेल काय?