बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर: कुठला घेतलात, कशासाठी घेतलात?

ठाणेकर
संगणकाच्या नव्या कॅबिनेटला काच आहे, दिवे आहेत, पंखे आहेत. डिस्क घालायला जागा तेवढी नाही. आणि कपाटातून निघालं काय, तर बहिणीच्या लग्नाच्या डीव्हीडी, आईच्या एमआरआयची सीडी, जुन्या हँडीकॅमच्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या चकत्या. दुकानदार म्हणतो, "साहेब, सगळे सारखेच, रंग सांगा." मला काही ते पटत नाही. ज्यांनी घेतलाय त्यांनी लिहा: कुठल्या कामासाठी, कसा निवडला, पुढे काय झालं. ऐकीव नको. बजेट अडीच हजार, ताणून तीन.

सातारकर फोटोवाला
लग्नाची कामं करतो. नवरा-नवरी पेनड्राइव्ह मागतात, पण आजीला डीव्हीडीच लागते, कारण तिच्याकडे प्लेअर आहे आणि तो तिला लावता येतो. त्यामुळे रायटर सुटलेला नाही.

रंग सोडा, आधी वीज बघा. चपट्या रायटरला वेगळा अडॅप्टर नसतो, सगळं यूएसबीवर. २.० पोर्टने नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर द्यायचे, ३.० ने ९००. वाचताना भागतं. लिहिताना मोटर आणि लेसर दोन्ही खायला लागले की मागणी एका अँपिअरच्याही वर जाऊ शकते. बरीच पोर्टं नियमापेक्षा जास्त देतात म्हणून निभावतं. नाहीतर अर्ध्यावर एरर आणि डिस्क कचऱ्यात. म्हणून कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात किंवा साध्या हबमध्ये खुपसू नका, मागे थेट मदरबोर्डला लावा. दोन पोर्टांतून वीज घेणारी दोन तोंडांची वाय केबल सोबत मिळत असेल तर तोच रायटर घ्या.

दुसरं, खोक्यावर '३.० सुपरफास्ट' लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. चपटे रायटर डीव्हीडी ८एक्सने (मूळ वेगाच्या आठपट) लिहितात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११ एमबी. यूएसबी २.० त्याच्या दुपटीहून जास्त सहज ओढतं. ३.० चा फायदा झालाच तर विजेचा.

मी स्वतः ४एक्सनेच लिहितो. भरलेली डिस्क पंधराएक मिनिटं घेते, तेवढ्यात चहा होतो. नंतर व्हेरिफाय (लिहिलेलं नीट वाचता येतं का ही तपासणी) केल्याशिवाय पाकिटात घालत नाही. आणि ४.७ जीबीची डिस्क संगणकावर ४.३७ दिसते, ती फसवणूक नव्हे, मोजायची पद्धत वेगळी. नवीन पोरं दरवेळी विचारतात म्हणून लिहिलं.

वकीलीणबाई, संभाजीनगर
आमच्याकडे रेकॉर्डिंग, सीसीटीव्ही फुटेज अजून सीडी-डीव्हीडीवर दाखल होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे (आधीचं ६५ब), त्यात प्रमाणपत्रावर फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा आकडा) लिहावी लागते. म्हणून रायटर कुठलाही चालेल, डिस्क मात्र एकदाच लिहिता येणारी हवी. आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी, मी ऑफिसात ठेवतच नाही. विंडोज लिहिताना विचारतं, 'पेनड्राइव्हसारखी' की 'सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी'? नेहमी दुसरा पर्याय. पहिल्याने लिहिलेली डिस्क समोरच्याच्या मशीनवर उघडेलच असं नाही, आणि तारीख पडली की दिवस गेलाच. सहकाऱ्यांनी स्लिमपेक्षा अडॅप्टरवाला मोठा घ्या म्हटलं होतं. मी स्लिमच घेतला, पर्समध्ये मावतो.

पुण्याची मॅकवाली
ठाणेकरदादा, तुमच्या छोट्या चकत्यांबद्दल. ॲपलचा सुपरड्राइव्ह दिसायला सुंदर, पण त्याला ट्रे नाही, फट आहे. ८ सेंटिमीटरची डिस्क त्यात घालायची नाही, ॲपलनेच तसं सांगितलेलं आहे. आता तो बंदही झालाय, तरी जुने विकायला असतात. मोहात पडू नका. मी ट्रेवाला एलजी घेतला, मॅकला लावताच चालू झाला. छोटी डिस्कही ट्रेमध्ये बसते. एक मात्र बघा: हँडीकॅममध्ये डिस्क 'फायनलाइझ' (लिहून झाल्यावर बंद करणं) केलेली नसेल तर संगणकाला ती कोरीच दिसेल. कॅमेरा अजून जिवंत असेल तर आधी त्याला चार्ज करा.

एमआरआयच्या सीडीतला व्ह्यूअर बहुधा फक्त विंडोजवर चालतो. मॅकवर होरोस हे सॉफ्टवेअर टाकलं की डायकॉम (वैद्यकीय स्कॅनच्या फाइलचा प्रकार) चित्रं उघडतात. सगळं फोल्डर कॉपी करून ठेवा, नुसती चित्रं नकोत.

कुडाळचा दशावतारी
आमची गोष्ट थोडी खर्चिक आहे. जत्रेतल्या दशावताराचं चित्रीकरण गावातले आम्ही काहीजण करतो. हार्डडिस्कवर आहेच, पण ती कधी बसेल याचा नेम नाही, आणि पावसाळ्यात इथे चपलेलासुद्धा बुरशी येते. म्हणून वर्गणी काढून बाहेरून जोडायचा ब्लू-रे रायटर घेतला. २५ जीबीच्या साध्या डिस्क रोजच्या, आणि निवडक नाटकांसाठी एम-डिस्क, म्हणजे जास्त टिकावी म्हणून बनवलेली डिस्क. साध्या डीव्हीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो, तो उन्हाने आणि वयाने उतरतो. एम-डिस्कमध्ये तो थर खनिजासारखा, असेंद्रिय. हजार वर्षं टिकेल म्हणतात. हजार वर्षांनी रायटर कोणाकडे असणार, ते सांगत नाहीत.

खरी अडचण डिस्क मिळण्याची. २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीने कोऱ्या ब्लू-रेचं उत्पादन थांबवलं. बाकीचे अजून बनवतात, पण कुडाळात विचारायची सोय नाही, मुंबईहून मागवतो. ठाणेकर, तीन हजारांत ब्लू-रेचा विचार करू नका, आणि तुमच्या यादीत त्याची गरजही दिसत नाही.

जर्सी सिटी
इकडे अमेरिकेतल्यांसाठी एक मुद्दा. २००७ मध्ये मोझर बेअरने ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढल्या, तेव्हापासून बाबा दर फेरीत बॅग भरून आणायचे. सिनेमाच्या डीव्हीडी जगाच्या भागांप्रमाणे (रीजन) बांधलेल्या असतात: भारत रीजन ५, अमेरिका रीजन १. बऱ्याच भारतीय डिस्कवर रीजनचं बंधन नसतं, त्या कुठेही चालतात. बंधन असलेली डिस्क घातली की संगणक रीजन बदलू का विचारतो, आणि हे बदल ड्राइव्हमध्ये पाचच वेळा करता येतात. मग शेवटचा कायमचा! मी इथे वेगळा स्वस्त ड्राइव्ह घेऊन तो ५ वर ठेवून दिलाय. पाल-एनटीएससीची (टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती) भानगड टीव्हीला, संगणकाला नाही. आणि विंडोज ८ पासून डीव्हीडी सिनेमा आपोआप लागत नाही. ड्राइव्ह परत करायच्या आधी व्हीएलसी हा प्लेअर टाकून बघा.

नागपूर रिपेअरवाला
सगळे विकत घ्यायलाच निघाले! जुना लॅपटॉप भंगारात द्यायच्या आधी त्याचा डीव्हीडी ड्राइव्ह काढा बाप्पा. एक स्क्रू असते. यूएसबी केसिंग चार-पाचशेला मिळते, झाला बाहेरचा रायटर. मी गिऱ्हाइकांना असेच करून देतो. फक्त जाडी मोजून केसिंग घ्या, १२.७ मिमी किंवा ९.५ मिमी. आणि ड्राइव्हचं कनेक्शन साटा आहे का बघा. फार जुन्या लॅपटॉपला आयडीई हे जुन्या पद्धतीचं असते, तिची केसिंग वेगळी.

ठाणेकर
रिपेअरवाले, माळ्यावर जुना लॅपटॉप आहे! साटा की आयडीई, कसं ओळखू?

नागपूर रिपेअरवाला
ड्राइव्ह काढून मागचं तोंड बघा. चपट्या पट्टीचे दोन तुकडे, एक लहान एक मोठा, तर साटा. एकच लांब, दाट पिनांचं कनेक्टर असलं तर आयडीई. फोटो टाका, सांगतो.