मदत हवी आहे: 'जॉर्ज इन'चा फोटो सरळ केला की अख्खा पब कलतो

लंडनमध्ये सदर्कचा 'जॉर्ज इन', १६७७ मध्ये पुन्हा बांधलेला, अंगणाकडे लाकडी सज्जे असलेला. फुल फ्रेम कॅमेरा (३६×२४ मिमी सेन्सरचा), २४-७० मिमी लेन्स, साधारण १२ मीटरवरून. छप्पर मावावं म्हणून कॅमेरा वर उचलला, तर भिंती वर एकमेकींकडे झुकल्या. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, कललेल्या रेघा सरळ करणाऱ्या 'अपराइट'चं 'ऑटो' दाबलं की सज्जे आडवे होतात, पण इमारत डावीकडे कलते आणि छपराचं टोक कापलं जातं. शनिवारी पुन्हा जाणार आहे. जुने फोटो वाचतील का?

प्रतिसाद १
'ऑटो' ठळक रेघांवर विसंबतं, आणि इथल्या सर्वांत ठळक रेघा म्हणजे सज्ज्यांचे कठडे. साडेतीनशे वर्षांचं लाकूड मध्ये खचलेलं आहे. त्या कठड्यांना आडवं मानलं की बाकी सगळं कलणारच.

शनिवारी कॅमेरा वर उचलूच नका. उभी फ्रेम, २४ मिमी, कॅमेऱ्यातली पाणसळ दोन्ही दिशांनी शून्यावर. दीड मीटर उंचीवरून, १२ मीटर अंतरावर, साडेदहा मीटरपर्यंतचा भाग येतो. फ्रेमचा खालचा सुमारे ४० टक्के भाग नुसती फरशी असेल, ती कापून टाका. २४ मेगापिक्सेलचे १४ उरले तरी छपाईला पुरतात. तेवढ्यातही छप्पर बसलं नाही तर शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न कलवता १२ मिमी वर सरकवता येणारी लेन्स, भाड्याने घ्या. त्याच जागेवरून साडेसोळा मीटरपर्यंत पोचाल.

प्रतिसाद २
जुने फोटो वाचतील. आधी लाइटरूममधलं लेन्स प्रोफाइल (लेन्सचा बाक काढणारी दुरुस्ती) लावा, नाहीतर कडेच्या रेघा बाकदार राहतात आणि पुढचं सगळं चुकतं. मग अपराइटचंच 'गायडेड' घेऊन, ज्यात सरळ काय मानायचं ते तुम्ही दाखवता, फक्त दोन उभ्या रेघा ओढा, एक डाव्या टोकाला, एक उजव्या. आडवी एकही नको. रिकामे कोपरे आपोआप कापणारं 'कन्स्ट्रेन क्रॉप' बंद ठेवा, म्हणजे छपराचं टोक राहील. ते कोपरे नंतर हाताने कापा. इमारत काटकुळी दिसली तर 'ॲस्पेक्ट' या स्लायडरने रुंदी परत द्या. कॅमेरा २५ अंशांहून जास्त वर असेल तर वरचा भाग ताणून मऊ पडतो, त्याला इलाज नाही.

प्रश्नकर्ता
पण उभी रेघ कुठली धरू? खांबही सरळ वाटत नाहीत.

प्रतिसाद १
खांब नकोत. पावसाच्या पाण्याचा पाइप किंवा शेजारच्या नव्या इमारतीचा कोपरा धरा. शनिवारचा समतल फोटो हाच तुमचा ओळंबा: त्यात जो खांब कललेला दिसेल तो खरोखरच कललेला आहे. कल किती ते त्या फोटोत पाहा आणि जुन्या फोटोत तेवढाच ठेवा. तो कल पुसला तर पबचा चेहराच जातो.

प्रतिसाद ३
उजेडाचंही बघा. १८८९ मध्ये रेल्वे कंपनीने बाकीच्या बाजू पाडल्या आणि फक्त दक्षिणेची बाजू उरली, म्हणजे दर्शनी भाग उत्तरेला. भर दुपारी सूर्य छपरामागे असतो, आकाश पांढरं आणि सज्जे काळे येतात. ढगाळ दिवस उत्तम. छिद्र एफ ८, संवेदनशीलता आयएसओ १००, दोन-दोन स्टॉपच्या (उजेडाच्या पायऱ्यांच्या) फरकाने तीन फोटो ट्रायपॉडवर घ्या आणि नंतर एकत्र करा. ट्रायपॉडसाठी काउंटरवर आधीच विचारून ठेवा आणि शनिवारी पब उघडण्याआधी पोचा, नाहीतर बाकांवर गर्दी असते.